सल्ल्याचं अजीर्ण

रात्रीचा दीड वाजला होता. मी पांघरुणात आडवा होतो. डाव्या हातात मोबाइल आणि उजवा हात भडंगाच्या पुड्यात. पडद्यावर पिळदार दंडांचा एक तरुण उगवला आणि थेट माझ्याकडे बोट रोखून ओरडला, "थांबा! रात्री आठनंतर खात असाल, तर तुम्ही स्वतःच्या हातानं स्वतःला मारताय!"

मी थांबलो. घास तोंडातच होता. गिळावा की थुंकावा, असा पेच पडला. शेवटी गिळला, कारण शेंगदाण्यात प्रोटीन असतं, हे त्यानंच आदल्या रीलमध्ये सांगितलं होतं. मग ही रीलही सेव्ह करून ठेवली. माझ्याकडे अशा ४१२ रील्स सेव्ह केलेल्या आहेत. त्यांतल्या एकवीस 'रात्री दहाला झोपा' असं बजावणाऱ्या आहेत. त्या एकवीसच्या एकवीस मी मध्यरात्रीनंतर पाहिल्या आहेत.

माझं वय सत्तावीस, वजन अठ्ठावन्न किलो, मुक्काम पुण्यात सिंहगड रोडला. घरात आई, बाबा, आजी आणि धाकटी बहीण. दोन वर्षांपूर्वीपर्यंत मी निरोगी होतो. तसं मला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून लक्षात आलं नाही इतकंच.

सुरुवात एका केळ्यानं झाली. सकाळी ऑफिसला निघताना मी केळं सोलायला घेतलं आणि आठवलं, रात्री एक बाई म्हणाल्या होत्या, 'रिकाम्या पोटी केळं? कधीच नाही!' मी ते ठेवून दिलं. दुपारी एका धावपटूनं सांगितलं, केळ्यासारखं फळ नाही. संध्याकाळी घरी येऊन केळं हातात घेतलं, तर तिसरा म्हणाला, पिकलेलं नको, हिरवट खा. तोवर माझं केळं हिरव्याची गोष्ट सोडा, पिवळ्याच्याही पुढं गेलं होतं. चौथ्या दिवशी आईनं सगळ्या काळ्या पडलेल्या केळ्यांचं शिकरण केलं. पहिला चमचा तोंडाशी नेला आणि खिशात मोबाइल थरथरला. 'दूध आणि केळं एकत्र? सावधान!'

मी वाटी खाली ठेवली. बाबांनी ती कुरकुर न करता संपवली. बाबा अजून हयात आहेत.

या गुरुमंडळींची एक ठरावीक पद्धत असते. ती कधीही 'नमस्कार' म्हणत नाहीत. थेट 'थांबा!' म्हणतात. हातात आपण रोज खातो तो पदार्थ असतो आणि चेहऱ्यावर पोलिसाला मुद्देमाल सापडल्याचा आनंद. मग डब्याच्या मागची बारीक अक्षरं वाचून दाखवतात. शेवटी आवाज एकदम मऊ होतो आणि एक पावडर पुढं येते. कोड वापरला की तिच्यावर दहा टक्के सूट. आरोग्याविषयी सांगणाऱ्यांनी आपलं शिक्षण उघड करावं, असं जाहिरात मानक परिषदेनं २०२३ साली सांगून ठेवलंय. म्हणून मी पिळदार दंडवाल्या गुरूंचं शिक्षण शोधलं. ते मेकॅनिकल इंजिनिअर निघाले. मीही मेकॅनिकल इंजिनिअर. माझा विश्वास दुप्पट झाला. म्हटलं, आपला माणूस आहे.

आता खरं सांगायचं तर दोष माझ्या एकट्याचा नाही. हे आमच्या रक्तातच आहे. काही वर्षांपूर्वी महाराष्ट्रात घराघरांत दोन पक्ष पडले होते. दिवसातून दोनदाच आणि पंचावन्न मिनिटांत जेवा, असं सांगणाऱ्या डॉ. जगन्नाथ दीक्षितांचा एक, आणि थोड्या थोड्या वेळानं थोडं थोडं खा, साजूक तुपाला भिऊ नका, असं सांगणाऱ्या ऋजुता दिवेकरांचा दुसरा. बाबा दीक्षित पक्षात गेले, आई दिवेकर पक्षात. दोघांचे नेते नीट अभ्यास करून बोलत होते. अभ्यास न करता ऐकणारे आमच्या घरात होते. बाबांचं जेवण एरवी बारा मिनिटांत आटपायचं. पंचावन्न मिनिटं मिळताहेत म्हटल्यावर उरलेली त्रेचाळीस फुकट घालवणं त्यांच्या जिवावर यायला लागलं. त्रेपन्नाव्या मिनिटाला ते पोळी मागायचे, चोपन्नाव्याला गूळ, आणि पंचावन्नाव्याला गजर वाजताना त्यांच्या तोंडात लाडू असायचा. आई दर दोन तासांनी तुपाचा चमचा घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर यायची, तेव्हा बाबा उपाशीपोटी तिच्याकडे पाहायचे. आजी तेवढी अपक्ष होती. ती अकराला जेवायची आणि साडेअकराला झोपायची.

अशा घरात वाढलेल्या मुलानं प्रोटीनचा नाद लावून घेतला तर नवल काय?

गुरू म्हणाले, वजनाच्या दर किलोमागं दोन ग्रॅम प्रोटीन पाहिजे. म्हणजे मला रोज ११६ ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबानं किलोला ०.८३ ग्रॅम पुरतं, म्हणजे माझं ४८ ग्रॅमवर भागायला हरकत नव्हती. शिवाय स्नायू वाढवण्यासाठी पावडरींच्या नादी लागू नका, असंही त्यांच्या २०२४ च्या पुस्तिकेत आहे. पण संस्थेला दंड नसतात. गुरूंना होते, आणि ते प्रत्येक वाक्याला फुगत होते.

मी कागद-पेन घेऊन बसलो. आमच्या घरचं वरण पातळ. वाटीत फार तर चार ग्रॅम प्रोटीन. ११६ भागिले ४.

"आई, उद्यापासून मला रोज एकोणतीस वाट्या वरण लागेल."

आईनं पोळी लाटता लाटता विचारलं, "पंगत कधी बसवायची?"

मग मी जेवणाचा हिशेब ठेवणारं ॲप घेतलं. ॲपला सगळं ग्रॅममध्ये हवं असतं. मी आईच्या मागं वही घेऊन उभा राहायचो.

"भाजीत तेल किती घातलंस?"

"अंदाजे."

"अंदाजे म्हणजे किती?"

"लागेल तेवढं."

ॲपमध्ये 'लागेल तेवढं' हे माप नव्हतं. 'चिमूटभर', 'पळीभर', 'बोटभर' हीही नव्हती. एके दिवशी घरी अळूचं फदफदं होतं. मी ॲपमध्ये 'अळू' लिहिलं. ॲप म्हणालं, तुम्हाला 'आलू' म्हणायचंय का? आणि माझ्या हो-नाहीची वाट न बघता त्यानं माझ्या नावावर दोन आलू पराठे मांडले. वर सूचना दिली की आज तुम्ही मर्यादा ओलांडलीत, चाळीस मिनिटं चाला. मी चाललो. न खाल्लेले पराठे जिरवण्यासाठी भर पावसात चाळीस मिनिटं चालणारा सिंहगड रोडवरचा मी बहुधा पहिलाच माणूस असेन.

बहिणीची तऱ्हा वेगळी. तिला आतड्यातल्या जिवाणूंची काळजी. आमच्याकडे रोज ताक होतं, पण ताकाची रील तिच्या पाहण्यात आली नव्हती. तिनं कोंबुचा करायचं ठरवलं. म्हणजे गोड चहा आंबवायचा. त्यासाठी सातशे रुपये देऊन एक पांढुरकी, बुळबुळीत चकती मागवली आणि आंब्याच्या लोणच्याच्या रिकाम्या बरणीत चहावर तरंगत ठेवली.

"हे काय गं?" आईनं विचारलं.

"याला मदर म्हणतात."

"एका घरात एक पुरे," आई म्हणाली आणि बरणी ओट्याच्या टोकाला सरकवली.

बहीण रोज त्या मदरची विचारपूस करायची, फोटो काढायची. आमच्या आईला तिनं इतक्या वेळा 'कशी आहेस' विचारलेलं मला आठवत नाही. नवव्या दिवशी कामाच्या मावशींनी बरणी घासून, उन्हात वाळवून जागेवर ठेवली आणि जाता जाता सांगितलं, "ताई, तुमच्या बरणीत गोगलगाय पडली होती. टाकून दिली हो."

दुधाचंही तेच. बहिणीनं एटू लिहिलेलं महागडं दूध सुरू केलं. ऑगस्ट २०२४ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणानं कंपन्यांना सांगितलं, दुधावरचे हे एवन-एटूचे दावे काढून टाका. बाबा खूश झाले, साधी पिशवी परत आली. आठवडा व्हायच्या आत प्राधिकरणानं स्वतःचाच आदेश मागं घेतला आणि बहिणीनं महागडी पिशवी परत आणली. सरकारी प्राधिकरणाचं मन जिथं आठवड्यात पालटतं, तिथं माझं केळ्याबद्दल रोज पालटलं, तर मला कुणी नावं ठेवू नयेत.

मग आला दुधी. सकाळी रिकाम्या पोटी कच्च्या दुधीचा रस, अंगातली सगळी घाण बाहेर. मी मिक्सर लावणार, तेवढ्यात आजी आली. तिनं सुरीनं दुधीची एक चकती कापली, जिभेला लावली आणि थुंकली.

"कडू आहे. टाकून दे."

"आजी, कडू म्हणजेच गुणकारी. रीलमध्ये सांगितलंय."

"कारलं कडू असतं. दुधी कडू लागला तर तो खायचा नसतो."

मी तिला खोटं पाडायला मोबाइल उघडला आणि वाचत वाचत गप्प झालो. कडू दुधीच्या रसानं माणसं दगावल्यावर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं या विषयावर तज्ज्ञांची समिती नेमली होती. समितीचं म्हणणं असं, की आधी चव बघा, कडू लागला तर पिऊ नका. म्हणजे समिती आणि आजी एकाच निष्कर्षाला आल्या होत्या. आजीला एक चकती लागली एवढंच.

यावरून आजी सर्वज्ञ आहे, असा समज कुणी करून घेऊ नये. दूध आणि मासे एकत्र खाल्ले की अंगावर पांढरे डाग उठतात, हे ती शपथेवर सांगते. तिनं उभ्या जन्मात मासा खाल्लेला नाही. पपई उष्ण, काकडी थंड, आणि जे तिला आवडत नाही ते सगळं वातूळ. तिच्याकडे दंड आणि कॅमेरा असता, तर तिलाही लाखभर लोकांनी फॉलो केलं असतं.

या सगळ्यावर कळस चढला तो मावसभावाच्या लग्नात. त्या आठवड्यात माझा गुरुमंत्र होता, 'जेवणाचा क्रम पाळा'. आधी तंतुमय पदार्थ, मग प्रोटीन, सगळ्यात शेवटी भात-पोळी. नाहीतर रक्तात साखरेची एकदम उसळी, म्हणजे ग्लुकोज स्पाइक. घरी हे जमतं. पण पंगतीत पानाची घटना आधीच लिहिलेली असते. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे, भाज्या उजवीकडे, आणि मधोमध सगळ्यात आधी वरण-भाताची मूद. तिच्यावर तुपाची धार पडल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही.

वाढपी भात घेऊन आला. मी पानावर हात आडवा धरला.

"भात नंतर."

"भात आधीच असतो," तो म्हणाला.

"मला आधी कोशिंबीर वाढा."

त्यानं चमचाभर वाढली.

"अजून."

आणखी एक चमचा आला.

"अजून."

तो थांबला आणि माझ्याकडे पाहून समजुतीच्या सुरात म्हणाला, "साहेब, कोशिंबीर तोंडी लावायला असते."

मी बटाट्याची भाजी वगळली, मटकीची उसळ तीनदा मागितली आणि गुरुमंत्राप्रमाणे एकेक घास बत्तीस वेळा चावत बसलो. शेजारचे काका भात संपवून पोळीवर, पोळी संपवून जिलेबीवर आणि जिलेबी संपवून पुन्हा भातावर आले. मी अजून प्रोटीनमध्येच होतो. मी भातासाठी मान वर केली, तेव्हा मठ्ठ्याची फेरी चालू होती आणि लोक हात धुवायला उठायच्या बेतात होते.

वरपक्षाचा एक तरुण रिकाम्या पानावर उदास बसलाय, ही बातमी मांडवात पसरायला वेळ लागला नाही. मुलीचे मामा धावत आले. घामाघूम झाले होते.

"आमचं काही चुकलं का?"

"नाही हो, तुमचं काही नाही. ग्लुकोज स्पाइकमुळे थांबलो होतो."

मामांनी हात जोडले. "ते कुठं बसलेत? त्यांनाही घेऊन येतो. त्यांचंही पान वाढायला सांगतो."

पुढं काय झालं, हे मराठी माणसाला सांगायला नको. रुसलेल्या पाहुण्याची समजूत काढायला मामा, मामी, मुलीचे वडील आणि आचारी असे चौघं आले. प्रत्येकानं दोन दोन जिलेब्या वाढल्या. 'माझ्या हातची एक' या हिशेबानं नवरीनं आणखी एक घातली. क्रम मात्र मी शेवटपर्यंत पाळला. आधी कोशिंबीर, मग उसळ, मग नऊ जिलेब्या.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांकडे गेलो. जिलेब्यांमुळे नव्हे, थकवा वाटत होता म्हणून. डॉक्टर वयस्कर. टेबलावर बी.पी.चं यंत्र, पेन आणि चहाचा कप. तपासणीत बी-ट्वेल्व्ह कमी निघालं.

"रोज काय खाता?"

"मैदा खात नाही. साखर बंद आहे. रिकाम्या पोटी केळं नाही. दुधाबरोबर फळ नाही. आठनंतर काहीच नाही."

"ते झालं. खाता काय?"

मी विचारात पडलो. हा प्रश्न ४१२ रील्समध्ये कुणीच विचारला नव्हता.

डॉक्टरांनी बी-ट्वेल्व्हच्या गोळ्या लिहिल्या. वेळेवर झोपा, रोज चाला, वरण-भात, भाजी-पोळी, फळं, दूध-दही, सगळं खा म्हणाले. मी वाट बघत बसलो.

"काही शंका?"

"बंद काय करू?"

"काही नाही."

"निदान एखादी गोष्ट तरी? गहू? शेंगदाण्याचं तेल?"

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. माझी दया आली असावी. म्हणाले, "बरं, मीठ जरा कमी करा."

तेव्हा कुठं पाचशे रुपये वसूल झाल्यासारखे वाटले. घरी येऊन मी सगळ्यांना अभिमानानं सांगितलं, "मला मीठ बंद केलंय."

त्याच आठवड्यात संकष्टी होती. दुपारी बारा ते रात्री आठ ही माझी खाण्याची खिडकी, बाकी सोळा तास उपास. आजीचाही उपास होता. तिनं दुपारी साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस आणि दाण्याची आमटी एवढ्यावर भागवलं होतं. आता उकडीचे मोदक तयार करून ती कालनिर्णयपुढं चष्मा लावून उभी होती. चंद्रोदय रात्री ९ वाजून १४ मिनिटांनी.

तिनं पान उलटून मागची पाककृतीही वाचली. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. १९७३ पासून भिंतीवर टांगलेलं हे कालनिर्णय म्हणजे आजीची रीलच. पाककृती तिथं, आरोग्याचा सल्ला तिथं. फरक एवढाच, की महिन्याला एकच पान. आवळ्याचं वाचलं की महिनाभर आवळा. पुढचं पान उलटेपर्यंत सल्ला शांतपणे पचायचा. मला पुढचं पान उलटायला अंगठा पुरतो, आणि रात्रीतून मी पन्नास-साठ महिने पुढं जातो.

"चल, पान घेते," आजी म्हणाली.

"आजी, माझी खिडकी आठलाच बंद झाली."

तिनं मागं वळून पाहिलं. "सताड उघडी आहे की. डास येताहेत."

आभाळ भरून आलेलं. सव्वानऊ झाले तरी चंद्र काही दिसेना. मोदकांचा वास बाल्कनीपर्यंत आला होता. आजी म्हणाली, "तुझ्या त्या मोबाइलात बघ रे, उगवलाय का."

मी मोबाइल उघडला. चंद्राच्या आधी गुरू उगवले. दंड फुगवून ओरडले, "थांबा!"

आजी दचकली. "कोण रे हा? एवढा का चिडलाय?"

"माझे गुरू आहेत."

तिनं गुरूंकडे निरखून पाहिलं. "जेवलेला दिसत नाही अजून."

मग तिनं ढगांच्या दिशेनं अर्घ्य दिलं, माझ्या पानात दोन मोदक ठेवले आणि वर तूप सोडलं. मी क्रम, खिडकी आणि गुरू, तिन्ही बाजूला सारून खाल्ले. तिसराही घेतला. मीठ मात्र पाळलं, मोदकाबरोबर चटणी घेतली नाही.

पोट भरल्यावर झोप छान लागते, हे कुणी न सांगताही मला कळलं. साडेअकराच्या सुमारास पाणी प्यायला उठलो, तर आजीच्या खोलीत उजेड. आजी उशीला टेकून बसलेली, चष्मा नाकाच्या टोकावर, हातात माझा मोबाइल. अंगठा कालनिर्णयाच्या मानानं भलताच वेगात चालला होता.

मला पाहून ती जराही ओशाळली नाही. पडद्यावरून नजर न काढता म्हणाली, "बरं झालं आलास. मला एक सांग, केळं खायचं की नाही, नक्की?"